पाऊस स्केलमध्ये पडत नाही

हातकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आमचं घर आहे. मागच्या अंगणात मी नेरळ-माथेरानच्या धर्तीवर छोटी रेल्वे केली आहे. दोन रुळांतलं अंतर ३२ मिमी, प्रमाण १:१९. स्टेशन आणि मालाची शेड यांची छपरं कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची केली. पन्हळी सुरेख आल्या होत्या, पण जुलैपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले, पत्रे कडेने उचकटले आणि खालचं एमडीएफ भाकरीसारखं फुगलं. उघड्यावर टिकेल असा पन्हळी पत्रा घरच्या घरी कसा करायचा? कोणता पत्रा, कोणता गोंद, कोणता रंग?
– एक वाचक, सी.बी.डी. बेलापूर

उत्तर : पत्र्याला दोष देऊ नका. बिघडलं ते त्याच्या खाली.

खऱ्या शेडवर पत्रे बसवताना बाजूला दीड पन्हळ चढवतात आणि वरची रांग खालच्या रांगेवर सहा इंच घेतात. उतार नीट असला की पाणी खाली पळतं. सहा इंच उलटं चढून आत येणं त्याला जमत नाही. तुमच्या प्रमाणात ते सहा इंच झाले ८ मिमी. इमारत लहान झाली, पत्रा लहान झाला, पण पाऊस काही स्केलमध्ये पडत नाही. आषाढसरीचा टपोरा थेंब चार-पाच मिमीचा असतो, म्हणजे तुमच्या एका पन्हळीपेक्षाही मोठा. तुमच्या स्टेशनमास्तरच्या हिशेबाने डोक्यावर कवठं पडताहेत. त्यातून दोन पत्रे जवळजवळ टेकलेले असले की मधल्या अर्ध्या मिमीच्या फटीत पाणी आपोआप दोन-अडीच सेंटिमीटर वर ओढलं जाऊ शकतं. तिथे ८ मिमीचा लॅप, म्हणजे पत्र्यावर पत्रा चढलेला भाग, हे उघडं दारच. आपल्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. एमडीएफने किती सोसायचं?

तेव्हा हे काम दोन छपरांचं आहे असं धरून चाला. पाणी अडवायला खाली एक अखंड छप्पर, आणि वर पन्हळी पत्रा, जो फक्त डोळ्यांसाठी. पत्र्याखाली पाणी शिरणारच. त्याला वळचणीला बाहेर पडायची वाट ठेवली की झालं.

खालच्या छपरासाठी मी ३ मिमी जाडीची एसीपी शीट वापरतो. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे तिचे तुकडे ढिगाने पडलेले असतात. ठाण्यात काय, वाशी-तुर्भ्यात काय, कुठेही विचारा. दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक, त्यामुळे ती पाणी पीत नाही, फुगत नाही. तिची खरी मजा आढ्याला आहे. आतल्या बाजूने आढ्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच मारायची, इतकी खोल की वरचा पत्रा आणि थोडंसं प्लास्टिक शाबूत राहील. मग हळूच दुमडायची. दोन्ही पाखी एकाच तुकड्यात आली, आढ्याला जोडच उरला नाही. खाच पाटीवाला राउटरवर मारून देतो. स्वस्त शीटचा पत्रा दुमडताना कधी चिरतो, म्हणून घडीवरून ब्युटाइलची टेप चिकटवून घ्या. गच्चीची गळती थांबवायला विकतात तीच. उतार २५ ते ३० अंश ठेवा, कोकणातल्या छपराला तो शोभतोही.

सनबोर्डही (फेसाळ पीव्हीसीची शीट) चालतो, पण त्याचा आढ्याचा जोड पीयू सीलंटने भरावा लागतो आणि ऊन लागलं की तो ॲल्युमिनियमपेक्षा बराच जास्त पसरतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ३० सेंटिमीटरच्या छपरात सनबोर्ड पाऊण मिमीच्या आसपास सरकतो, ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. कडक गोंद मग तडकतो. प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांना वरून कितीही वॉर्निश पाजा, उघड्यावर ठेवू नका.

आता पत्रा. तुम्ही कॅन वापरला, तो जेमतेम ०.१ मिमी जाड असतो आणि वाकवायला बरा असतो. पण त्याला बाहेरून छपाई असते, आतून लाखेसारखा थर असतो, आणि तुमचा रंग बसला तो त्या थरावर. थर सुटला, रंगही गेला. माझी पसंती ऑफसेट छपाईच्या वापरून झालेल्या प्लेटांना. वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांकडून त्या भंगारात किलोवर जातात. शुद्धच्या जवळपासचं ॲल्युमिनियम, लहान मशिनची प्लेट ०.१५ मिमी जाड, आणि छपाईची बाजू कारखान्यातच खरबरीत करून ॲनोडाइझ केलेली. रंगाला धरून ठेवणारा याहून चांगला पृष्ठभाग विकत मिळणार नाही. ०.३ मिमीची प्लेट घेऊ नका, ती खालच्या साच्यात बसणार नाही. शाई रॉकेलने पुसा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. तुपाच्या किंवा बिस्किटांच्या डब्याचा पत्रा लोखंडी असतो. खाडीच्या हवेत कापलेल्या कडेपासून त्याचा गंज सुरू होतो आणि वर दिलेला कुठलाही रंग तो ढकलून बाहेर येतो.

माप असं. खऱ्या पत्र्याची पन्हळ तीन इंचांची, ७५-७६ मिमी, आणि खोली सतरा-अठरा मिमी. भागिले १९ केलं की पन्हळ ४ मिमी आणि खोली जवळपास १ मिमी. आठ फुटी पत्रा १२८ मिमी लांब होतो, रुंदी साधारण ३५ मिमी, म्हणजे जवळपास नऊ पन्हळी. छप्परभर एकच पत्रा दाबू नका. खऱ्यासारखे सुटे सुटे पत्रे कापा, जोडांच्या रेषा दिसल्या तरच डोळा फसतो. पन्हळ पाडताना पत्रा आत ओढला जातो, म्हणून सपाट तुकडा पंधरा टक्के रुंद घ्यायचा. ३६ मिमी हवे असतील तर ४१ मिमी कापा. पन्हळी पाडून मग कात्री चालवली तर कडा चेपतात. आणि हातमोजे घाला, ही कड कागदासारखी कापते.

साच्याला फार खर्च नाही. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात टिगच्या स्टेनलेस फिलर रॉड मिळतात, सरळ, कडक, मीटरभर लांब. २ मिमीची घ्या आणि एखादी १.६ मिमीची. नसेल मिळत तर सायकलचे आरे, तेही बहुतेक २ मिमीचेच असतात. प्लायवूडच्या तुकड्यावर आलेखाचा कागद चिकटवा आणि त्यावर २ मिमीचे डझनभर तुकडे मध्यापासून मध्यापर्यंत ४ मिमी अंतराने ओळीत टेकवा. मग मधल्या फटींत इपॉक्सी ओता, रॉड अर्ध्या बुडतील एवढीच. रॉड पक्क्या बसतात आणि फटीचा तळ १ मिमीवर येतो, म्हणजे तुम्ही कितीही दाबलं तरी पन्हळ जास्त खोल जाणार नाही. साचा घरातच राहणार असल्यामुळे प्लायवूड इथे चालतं.

प्लेटचा पत्रा ताठ असतो, दाबला की परत उसळतो. त्याला आधी नरम करून घ्या. अंगणातच, स्वयंपाकघरात नको, कारण उरलेल्या शाईचा धूर होतो. पत्र्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढायची, जुन्या लोखंडी तव्यावर पत्रा ठेवायचा आणि रेघ काळपट तपकिरी झाली की उतरवायचा. थेट ज्योत दाखवली तर एवढा पातळ पत्रा बघता बघता वितळून भोक पडतं.

दाबणं. पत्रा साच्यावर ठेवा, एका कडेच्या फटीवर १.६ मिमीची रॉड फटीच्याच रेषेत धरा आणि अंगठ्यांनी सारख्या जोराने दाबा. मग शेजारची फट, मग तिच्या शेजारची. पुढचा पत्रा मोकळा सरकायला हवा. मी आय.टी.आय.मध्ये पत्राकाम शिकवायचो, तेव्हा दर बॅचमध्ये एखादा हुशार पोरगा निघायचा, जो दोन साचे करून व्हाइसमध्ये सगळ्या पन्हळी एकदम दाबायचा. पत्रा मध्येच फाटायचा. दोन्ही कडा अडकल्यावर मधल्या पन्हळीला लागणारं धातू येणार कुठून? शेवटी परत पहिल्या फटीपासून एक हलका हात फिरवा, वळण एकसारखं होतं. हस्तकलेच्या दुकानात कागदाला चुण्या पाडायचा दोन रुळांचा क्रिंपर मिळतो, तो कॅनच्या पत्र्यावर चालतो, पण त्याची पन्हळ जी असेल तीच मिळणार.

बसवण्यापूर्वी बोल्ट. खऱ्या पत्र्याला जे-हुक (इंग्रजी जे आकाराचा बोल्ट), त्यावर डांबरी वॉशर, वर टोपीसारखा लिंपेट वॉशर. आपण भोक पाडायचं नाही. पत्रा रबरावर उलटा ठेवून बोथट टोकाने मागून टिंबं उठवा, पन्हळीच्या उंचवट्यावर, कैचीवरच्या लाकडांच्या रेषेत. रेषा सुतात हवी. इथे लोक घाई करतात आणि टिंबं वाकडीतिकडी येतात, मग शेड बरी दिसत नाही.

गोंद न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. नळीवर तसं लिहिलेलं बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि धातूला खातं. झटपट चिकटणारे गोंद पाण्या-उन्हात टिकत नाहीत. सिलिकॉनचे ठिपके किंवा उताराच्या दिशेने बारीक रेघा द्या. आडवी रेघ अजिबात नको, कारण ती पत्र्याखालचा बांध होते, आत आलेलं पाणी तिथे साचतं. तुमचे पत्रे कडेने उचकटले ते यामुळेच असणार, कारण बहुतेक जण कडेकडेने गोंद फिरवतात.

पत्रे वळचणीकडून आढ्याकडे लावत या. आडव्या दिशेत पूर्वेकडच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे लॅपची उघडी कड पूर्वेला राहील. आपला पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, त्याला पाठ मिळते. पत्रे बसवणारा मोठ्या शेडवर हेच करतो. बाजूचा लॅप एक पन्हळ पुरे, कारण ०.१५ मिमी पत्रा १९ पटीत पावणेतीन-तीन मिमी जाड होतो, खऱ्या पत्र्याच्या चार-पाच पट, आणि जास्त चढवला की थर दिसतो. वळचणीच्या कडेला तर ही जाडी उघडीच पडते. खालून कानशीने तासून पातळ करा, किंवा खालच्या रांगेपुरता कॅनचा पत्रा नीट घासून वापरा. पत्रा खालच्या शीटपेक्षा दहा-एक मिमी बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. आढ्यावरची टोपी म्हणजे सपाट पट्टी, बारीक रॉडवर गोल दुमडलेली.

खाडीकाठी राहता म्हणून एक इशारा. ॲल्युमिनियमला तांबं, पितळ टेकू देऊ नका. खारट ओलाव्यात पितळेच्या स्क्रूभोवती ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. स्टेनलेसचा बारीक स्क्रू आणि नायलॉनचा वॉशर घ्या. भिंती सिमेंटच्या असतील तर ओल्या सिमेंटशीही संबंध नको, त्यातला अल्कली ॲल्युमिनियमला खातो.

रंग. प्लेटची खरबरीत बाजू वर ठेवली असेल तर निम्मं काम झालेलं आहे. त्यावर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकड घेणारा पहिला थर, पातळ. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडासाठी असतो, हार्डवेअरवाला सवयीने तोच हातात ठेवील, घेऊ नका. प्रायमरवर करडा, शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे बिनचकाकीचा पारदर्शक थर. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. दमट हवेत स्प्रेवर पांढरट धुरकट थर येतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही, तेव्हा गंज तुम्हालाच रंगवायचा. त्यासाठी बाजारचा गेरू वस्त्रगाळ करून वापरा. तो लोहाचा ऑक्साइडच आहे, म्हणजे खराच गंज, आणि उन्हाने विटत नाही. नव्या जस्ताच्या पत्र्याची चकाकी काही पावसाळ्यांनी जाते आणि फिकट राखी रंग येतो. गंज सुरू होतो तो बोल्टभोवती, लॅपखाली आणि कापलेल्या कडेला, आणि बोल्टपासून उताराने खाली ओघळ येतो. बाकी पत्रा राखीच ठेवा. एखाद-दुसरा पत्रा नवा, चकचकीत. वळचणीची एक रांग डांबर फासलेली. आपल्याकडे मृगाआधी लोक हेच करतात. सगळं छप्पर तांबडं केलं की ते सिनेमाच्या सेटसारखं दिसतं, निदान मला तरी.

इमारत जमिनीवर चिकटवू नका. पायांवर किंचित उचलून ठेवा, तळाला आणि त्रिकोणी भिंतीत भोकं ठेवा, आत कोंडलेला दमट वारा बाहेर जाऊ द्या. भोकांवर बारीक जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करून जाते. आणि छप्पर उचलून काढता येईल असंच करा. नेरळ ते अमन लॉज गाडी पावसाळ्यात बंदच असते, तुमच्या स्टेशनालाही रजा द्यायला हरकत नाही.

प्रश्न : एवढी खटपट कशाला? मी पन्हळी छपरं ३डी प्रिंटरवर छापतो. आमच्या गच्चीवर चालतील ना?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कशात छापता ते लिहिलेलं नाही, बहुधा पीएलए, म्हणजे घरगुती प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक असेल. ते साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या गडद छपराला हात लावून बघा. तिथे पीएलएचं छप्पर मध्ये बसतं आणि बसलेलं परत उठत नाही. एएसए हे प्लास्टिक उन्हाला आणि उष्णतेला बरंच जास्त तोंड देतं, त्यात छापा. पत्र्याची कड मात्र छपाईत जाडच येते, थरांच्या रेषाही दिसतात. आत ठेवायच्या इमारतींना तुमची पद्धत उत्तम आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला १८५३ ची बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी ४५ मिमी रुळांवर करायची आहे. शेडला पन्हळी पत्रा चालेल का आणि पन्हळ किती मिमीची?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालेल. पन्हळी लोखंडी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये हेन्री पामरने १८२९ मध्ये घेतलं, आणि लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा थर देण्याचं फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये. १६ एप्रिल १८५३ ला साहिब, सिंध आणि सुलतान ठाण्याला पोचले तेव्हा पत्रा जगात होता, काळाची चूक होत नाही.

मापाचं मात्र बघा. ती लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिमी. ४५ मिमी रुळांवर ती बसवायची तर प्रमाण होतं १:३७, दुकानात मिळणाऱ्या १:२२.५ किंवा १:३२ च्या वस्तूंशी ते जुळत नाही. मुलाला आधीच सांगा, नाहीतर इंजिनाशेजारी माणसं राक्षसासारखी दिसतील. १:३७ मध्ये पन्हळ २ मिमीची. १ मिमीच्या तारा २ मिमी अंतराने लावून साचा करा, दाबायला त्याहून बारीक तार घ्या, आणि पत्रा ०.१ मिमीचा, प्लेट नको. तुमच्याप्रमाणेच विचारणाऱ्या इतरांसाठी : १:३२ ला पन्हळ २.४ मिमी, १:२२.५ ला ३.४ मिमी.

प्रश्न : छपरावर कबुतरं बसतात आणि पत्रा चेपतो. उपाय?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : तुमचा पत्रा खाण्याच्या फॉइलच्या ट्रेचा दिसतो, आणि खाली पोकळ आहे. कबुतर तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं, एवढं वजन ०.१५ मिमीचा पन्हळी पत्रा खाली शीट असेल तर सहज पेलतो. आढ्यावर मासे पकडायची नायलॉनची दोरी दोन सेंटिमीटर उंच ताणा, त्यांना पाय टेकायला जागा मिळत नाही. विष्ठा पडली तर त्याच दिवशी पाण्याने धुवा, ती रंग खाते. मांजराचा प्रश्न विचारला नाहीत ते बरं झालं.